मयत मालकाची पत्नी

"नंबर नीट सांगा," कुंदाबाई म्हणाल्या. "एक आकडा चुकला तर दुसऱ्याचीच गाडी निघते."

खिडकीबाहेरच्या माणसानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "एमएच एकोणीस, सत्तावीस चौदा. टेम्पो शे, बाई. कोना नाववर शे, तेवढं माले कागदवर पाहिजे. एकदाव फसनू मी. गाडी एकनी, सही दुसरानी."

माणसाचं नाव रुपचंद. चाळीसगावकडे त्याची थोडी केळी होती, आणि माल स्वतःच बाजारात न्यावा म्हणून तो जुना टेम्पो बघत होता. कुंदाबाईंनी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, फी भरल्याची पावती टाचली आणि त्याला बाकावर बसायला सांगितलं.

जळगावच्या त्या कचेरीत गाड्यांच्या जुन्या नोंदी सांभाळण्याचं काम अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. अपघाताचा तपास करणारे पोलीस, विम्याची माणसं, गाडी घेणारे, गाडी हरवलेले असे सगळे त्यांच्या खिडकीशी यायचे. नंबर सांगितला की त्या कुठल्या कपाटातली कितवी नोंदवही ते उभ्या उभ्या सांगत. साहेब बदलून आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना कळे की नोंदीचं काही अडलं तर भदाणेबाईंना विचारायचं. त्यापलीकडे बाईंबद्दल कुणी फारसं विचारत नसे. नवरा सुरतेला कामाला जातो म्हणून गेला तो परत आला नाही, बाई म्हाताऱ्या सासूला सांभाळते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी वही काढली. पान सापडलं. पहिला मालक, पंडित सुपडू भदाणे, राहणार चाळीसगाव. ते वाचून त्यांना बरं वाटलं. पंडित म्हणजे त्यांचा थोरला दीर. मधे काही दिवस त्याच्याकडे टेम्पो होता, हे त्यांना माहीत होतं.

खाली हस्तांतराची नोंद होती. २० नोव्हेंबर १९९१. नवीन मालक, लोटन सुपडू भदाणे, राहणार भडगाव.

त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग वही तशीच उघडी ठेवून आतल्या खोलीत गेल्या आणि त्या वर्षीचा कागदांचा गठ्ठा सोडला. हस्तांतराच्या अर्जावर दोन सह्या होत्या. पंडितभाऊंची, आणि तिच्याखाली दुसरी. 'लो' मोठा, पुढची अक्षरं त्याच्या आडोशाला बसल्यासारखी लहान. लग्नानंतरच्या अडीच वर्षांत नवऱ्याची, त्या सहीची चार पत्रं त्यांना आली होती. ती अजून ट्रंकेत होती.

नोव्हेंबर एक्क्याण्णवमध्ये त्या आठ दिवस रजेवर होत्या. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते लगेच करून घ्या म्हणून पंडितभाऊंनीच घाई केली होती, तारीखही त्यांनीच ठरवली. दवाखान्यात ते सीताफळं घेऊन आले होते. आईपाशी बसले आणि मग म्हणाले, "कुंदा, तू बस आईजवळ. माझं गावात दोन तासांचं काम आहे." ते कोणतं काम, हे आता समोरच्या कागदावर होतं.

कुंदाबाई खिडकीशी परत आल्या. उतारा लिहायला घेतला. खाली सही केली, शिक्का मारला.

रुपचंदनं उतारा घेतला आणि एकेक अक्षर लावून वाचला. "हां. बरोबर शे. लोटन भदाणे. तो मार्च महिनामा मरी गया. आते त्यानी बायको टेम्पो इकी ऱ्हायनी."

"कोण मेलं?"

"हाऊ मालक. छातीमा कळ उनी, रस्तामाच गया." मग त्यानं उताऱ्याखालची सही पाहिली. "आडनाव तुमनंच शे, बाई. नातामा शेत का कोनी?"

"भदाणे पुष्कळ आहेत," कुंदाबाई म्हणाल्या. "गाडी आधी त्या बाईच्या नावावर करून घ्यावी लागेल. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र. मगच तुमच्या नावावर चढेल. तिला पाठवा."

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा सासूबाई, झुंबरबाई, ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऑपरेशन झालेला डोळा चांगला होता, त्यांना बारीक खडाही दिसायचा.

कुंदाबाईंनी चप्पल काढली, पाय धुतले आणि सासूसमोर बसल्या.

"आत्याबाई, मार्चमधे तुम्ही भडगावला गेल्या होत्या. बेबामावशी गेल्या म्हणून. तेरा दिवस राहिल्या."

झुंबरबाईंचा हात तांदळात थांबला.

"परत आल्यावर तुम्ही रडत होत्या. मी तुम्हाला अंघोळ घातली. आठ दिवस तुमच्याजवळ झोपले. मावशी खरंच गेल्या का?"

म्हातारीनं हातातले तांदूळ सोडले. सूप बाजूला ठेवलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "बेबा तं नव्वद सालीच गयी."

झुंबरबाईंची बहीण बेबामावशी हयात आहे म्हणून सात वर्षं दर दोन महिन्यांनी भडगावची वारी चालली होती. एसटी स्टँडवर कुंदाबाईच पोचवायला जायच्या. जाताना मावशीसाठी शेवेची पुडी द्यायच्या.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"पहिल्यापासून नही. दोन साल तं माले बी नही सांगं त्यानी. मंग पंडितनी सांगं."

पंडितभाऊ त्यांच्यासोबत पोलीस स्टेशनात आले होते. नवरा बेपत्ता असल्याचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. उंची, रंग, अंगावरचे कपडे. कुंदाबाई रडत होत्या म्हणून त्यांनी ठाणेदाराकडून पाण्याचा पेलाही मागून घेतला होता.

"मला का नाही सांगितलं?"

आता झुंबरबाईंनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. चेहऱ्यावर शरम नव्हती. इतकं साधं कसं कळत नाही, असा थोडा त्रास होता.

"तुले सांगं असतं, ते माले कोन संभाळतं? पंडितनी बायको माले दारमा उभी करत नही. त्या भडगाववालीना घरमा पत्रानी एक खोली. तुले नोकरी व्हती."

"चौदा वर्षं, आत्याबाई."

"तुले पोऱ्या नही व्हयना. मंग तो काय करी?"

कुंदाबाईंच्या मनात जून महिना आला. वटपौर्णिमा. सकाळी सासूनं स्वतः सुताचं गुंडाळं त्यांच्या हातात दिलं होतं, वर आंबेही. तेव्हा मुलाला जाऊन तीन महिने झाले होते.

"वडाला सूत गुंडाळायला तुम्ही मला पाठवलं. तेव्हा ते गेलेले होते."

"नही धाडं असतं, ते तुले शक उना असता," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आते माले काढी देशी का?"

कुंदाबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी स्वयंपाक केला, सासूचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. स्वतः जेवल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या घरात दोन ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जाऊ लागली. म्हातारी एकटी जेवताना आवाज न करता जेवायची. तिला वाटायचं, आवाज झाला तर सुनेला आठवण होईल.

सकाळी आरशासमोर सवयीनं बोट कुंकवात गेलं. कुंदाबाई थांबल्या, आणि मग लावलंच. पुसून गेल्या असत्या तर कचेरीत पहिला प्रश्न झाला असता, कोण गेलं.

पंधरा दिवसांनी भडगाववाली आली, ताईबाई. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं. पिशवीत मृत्यूचा दाखला होता आणि दोन मुलींच्या शाळेतले दाखले. तिला वाचता येत नव्हतं. खिडकीमागची बाई कोण आहे, हे तिला माहीत नव्हतं.

त्या दिवशी कुंदाबाईंनी तिला परत पाठवलं. गाडीचा विमा संपला होता. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. कागद खरंच कमी होता. पण आणखी दोन कागद कमी होते, ते मात्र त्यांनी तेव्हा सांगितले नाहीत. दुसऱ्या खेपेला तलाठ्याचा वारसाचा दाखला मागितला. तिसऱ्या खेपेला फोटो. दर वेळी भडगावहून सकाळची एसटी धरून ताईबाई यायची, उन्हात बसायची, नाव पुकारलं की धडपडत खिडकीशी यायची आणि "बरं, बाई" म्हणून परत जायची. ती गेटबाहेर जाईपर्यंत कुंदाबाई बघत राहायच्या. आपण जे करतोय ते त्यांना कळत होतं. ते थांबवावं असं वाटत नव्हतं.

चौथ्या खेपेला सगळे कागद पुरे होते. प्रतिज्ञापत्रात टंकलेखकानं नेहमीचं वाक्य घातलं होतं. मी मयत मालकाची एकमेव कायदेशीर पत्नी असून.

कुंदाबाई फाइल घेऊन साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे प्रकरण माझ्याकडे नको. मयत माझा नवरा आहे."

साहेब तरुण होते. त्यांनी आधी फाइलकडे पाहिलं, मग बाईंच्या कुंकवाकडे. "तुमची कायदेशीर फारकत?"

"नाही."

"मग हे प्रतिज्ञापत्र खोटं आहे, बाई. तुम्ही लेखी हरकत द्या. मी इथेच थांबवतो. तिला पत्नी म्हणून काहीच मिळणार नाही. मुलींचं कोर्ट बघेल."

कुंदाबाईंनी जागेवर येऊन कोरा कागद घेतला आणि हरकत लिहिली. सुंदर, सरळ अक्षर. मग ताईबाईला आत बोलावलं, समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

"तुला वाचता येत नाही, म्हणून सांगते. यात लिहिलंय की लोटन भदाणेंची लग्नाची बायको जिवंत आहे. ती मी."

ताईबाईला आधी समजलंच नाही. मग तिनं बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, कपाळ पाहिलं आणि मान खाली घातली. मान वर न करताच ती म्हणाली,

"पोरीसना बाप म्हनेत, पहिली मरी गयी. पहिलंच बाळंतपण, त्यामा गयी. सासूबाई बी तसंच सांगेत."

"सासूबाई माझ्याकडे राहतात."

"त्या सांगेत, पंडितभाऊकडे ऱ्हातस." ताईबाईनं पदर तोंडाशी धरला. रडली नाही. "मी दर आखाजीले तुमनी घागर भरस, बाई. तेरा साल व्हयनात."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरच्या मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. खानदेशात घरोघरी भरतात. कुंदाबाईही सासऱ्यांची भरत.

"घागरीवर काय ठेवते?" त्यांनी विचारलं. का विचारलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"फळ ठेवस, डांगर. आंबा. आनि सांजोरी. पोरीसना बाप म्हनेत, सांजोरी जरूर ठेव, तिले भलती आवडे."

कुंदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. माणूस इतका सगळा खोटा, आणि एवढी एक गोष्ट त्यानं खरी सांगितली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला त्यांनी चुलीपाशी उभ्यानं चार सांजोऱ्या खाल्ल्या होत्या, आणि तो दारात उभा राहून हसला होता.

त्यांनी हरकतीचा कागद उचलला, दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला. दुसरा कागद घेतला. मी मयताची पहिली पत्नी आहे. सदर वाहनावरील माझा हक्क मी सोडत आहे. वाहन ताईबाई व तिच्या मुलींच्या नावे करण्यास माझी हरकत नाही. खाली पूर्ण सही केली. कुंदा लोटन भदाणे. मग प्रतिज्ञापत्रातल्या 'एकमेव कायदेशीर' या शब्दांवर रेघ मारली आणि वर 'दुसरी' असं लिहिलं.

"इथे अंगठा लागेल," त्या म्हणाल्या.

"काय लिखं, बाई?"

"जे खरं आहे ते. हे लिहिलं तरच साहेब सही करतील. पण गावात कुणाकडून वाचून घेऊ नको. तुझ्या मुलींची लग्नं व्हायचीत."

ताईबाईचा अंगठा शाईच्या डबीवर नीट टेकेना. कुंदाबाईंनी तो आपल्या हातात घेतला, शाईवर फिरवला आणि कागदावर हलक्या हातानं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळवला. अंगठ्याला भेगा होत्या, त्यामुळे ठशात मधेच पांढऱ्या रेघा उमटल्या.

फाइल साहेबांकडे गेली. ताईबाई उठली, पण दारापाशी घुटमळली.

"बाई, आते आखाजीले मी काय करू?"

कुंदाबाई पुढच्या माणसाचा अर्ज उघडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"भरत जा," त्या म्हणाल्या.

ताईबाई आवारात उतरली. तपासणीसाठी उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेपाशी थांबून ती शाईचा अंगठा पदराला पुसायला गेली. पांढरा पदर खराब होईल हे मधेच लक्षात आलं. मग ती खाली वाकली आणि अंगठा मातीत घासू लागली.