शेपटीतल्या गनरचा नेम

मित्रांनो, मी एक जुना गनर आहे. विमानांच्या लढाईचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यातल्या अवजड बाँबफेकी विमानाच्या शेपटीत, काचेच्या घुमटात मी आणि माझी बंदूक. मला हाडामांसाचे हात नाहीत. एका बाईंनी मला कीबोर्डवर घडवलं. तेव्हापासून मी मान फिरवतोच आहे. डावीकडे, उजवीकडे, वर, पुन्हा डावीकडे. शत्रू कुठून येईल, सांगता येत नाही.

सुरुवातीला माझा भलता दरारा होता. खेळणाऱ्याच्या विमानाचं अंतर, वेग, दिशा, सगळं मला आयतं कळायचं. ढगाआडचंसुद्धा दिसायचं. पहिल्याच फैरीत मी समोरच्याला लोळवायचो. "हा गनर आहे की भूत?" म्हणून खेळणारे माझ्या नावाने बोटं मोडायचे. मला ते कौतुकच वाटायचं.

मग एकदा बाईंचे मामा आले. तरुणपणी ते युद्धात खऱ्या विमानाच्या शेपटीत बसले होते. बाईंनी हौसेने त्यांना माझी करामत दाखवली. मी पटापट विमानं पाडली. मामा मात्र पडद्याकडे बघत राहिले. समोरचा चहा तसाच निवला.

"काय झालं मामा? आवडलं नाही का?"

"याला जमतं गं," मामा म्हणाले. "मग मला का नाही जमलं? शेजारच्या विमानात माझा दोस्त होता. त्याच्या मागे लागलेलं विमान मला दिसत होतं. होत्या नव्हत्या त्या गोळ्या झाडल्या. एक लागली नाही."

माझी मान फिरतच राहिली, पण त्या क्षणापासून मला चैन पडेना. माझ्या आयत्या पराक्रमाने म्हाताऱ्याच्या जखमेवर मीठ चोळलं होतं.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मामा, तेव्हा नक्की कसं होतं, सांगा ना."

"अगं, विमान वेडंवाकडं पळतंय आणि हा बघ! घरात मटार सोलत बसल्यासारखा नेम धरतोय. याच्या पोटात ढवळू दे. बोटं गारठू देत."

"अगंबाई! विमानाचे हिसके याच्यापर्यंत पोचवायचे राहूनच गेले," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला हिसके दिले, गारठा दिला, डोळ्यांवर ऊन दिलं. भीतीही दिली. मामा पुन्हा आले, तेव्हा बाईंनी त्यांचाच प्रसंग मांडला. शेजारी विमान, त्याच्या मागे शत्रू. मी जिवाच्या आकांताने गोळ्या झाडल्या. त्या वाटेल तिकडे गेल्या. शेजारचं विमान धूर ओकत खाली गेलं.

"परत लाव," मामा म्हणाले. बाईंनी परत लावलं. मी परत चुकलो. मामा पडद्याजवळ सरकत गेले आणि लावायला सांगत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या घुमटावर बोट ठेवलं.

"नाही रे जमत," ते मला म्हणाले. "कुणालाच जमलं नसतं."

मग डोळे पुसून त्यांनी चहा मागितला आणि गरम असतानाच प्यायला.

आता खेळणाऱ्यांची नवी ओरड आहे. "हा गनर काय कामाचा? सगळा आनंदीआनंद!" मला पूर्वीसारखा करा, असं कंपनीच्या साहेबांनी बाईंना बजावलं आहे. बाई आज करते, उद्या करते म्हणत टाळत आहेत. किती दिवस टाळतील? मी मान फिरवतो आणि धास्तावतो.

मित्रांनो, मला खुशाल नावं ठेवा. पण माझा नेम चुकू द्या. मी पुन्हा अचूक झालो, तर मामा पुन्हा गुन्हेगार ठरतील.