पन्नास नंबरचं तेल आणि सकाळची शेगडी

मी एक जुनी तेलपट्टी आहे. ट्रकच्या इंजिनात तेल किती उरलंय ते बघायला जी लांब, चपटी सळई बाहेर ओढतात ना, तीच. इंग्रजीत मला डिपस्टिक म्हणतात. आमचा ड्रायव्हर गुरमेलसिंग 'गेज' म्हणायचा आणि अकोल्याचे भानुदासराव गावंडे 'पट्टी' म्हणायचे. मला काहीही चालतं. दिसायला मी काही खास नाही. वर बोट अडकवायला एक कडी आणि खाली दोन खुणा. तेल वरच्या खुणेला टेकलं की ठीक, खालच्या खुणेखाली उतरलं की ओता. याच्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. तेल जाड असावं की पातळ, हे माझ्या अंगावर कुठंच कोरलेलं नाही. माझी सगळी हकिगत मात्र नेमकी त्याच प्रश्नापायी घडली.

ज्या वर्षी पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले आणि चंदीगड दोघांचीही राजधानी झालं, त्याच वर्षी आमचा नवा कोरा डिझेल ट्रक तिथल्या एका सरकारी खात्यात दाखल झाला. हे खातं जमिनीखालचं पाणी शोधायचं. बोअर मारायचे जाडजूड पाइप पाठीवर घ्यायचे आणि पंजाबच्या शेतांपासून हिमाचलच्या घाटांपर्यंत हिंडायचं, हे आमचं काम. गुरमेलसिंग पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर होता. बुडैल गावातून सायकलवर यायचा, मला बाहेर ओढायचा, फडक्यानं पुसायचा, पुन्हा आत घालायचा आणि मग डोळ्यांसमोर धरून बघायचा. "ठीक है जी," असं तो मलाच सांगायचा. कौतुक म्हणतात ते हेच असावं, असं मी धरून चालले होते.

मित्रांनो, आता तेलाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. इंजिनाच्या तेलाला नंबर असतो. नंबर मोठा, तेवढं तेल जाड. तीस नंबर पातळ, चाळीस मधलं, पन्नास चांगलंच जाड. पातळ तेल थंडीत चटकन धावतं, पण भर उन्हात त्याचं पाणी पाणी होतं. जाड तेल उन्हात टिकून राहतं, पण थंडीत जागचं हलत नाही. आणि चंदीगड असं गाव, की जूनमध्ये लू अंगाची लाही करते आणि जानेवारीत धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून सुरुवातीची वर्षं आमच्या इंजिनात हिवाळ्यात तीस आणि उन्हाळ्यात चाळीस नंबर पडायचं. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग भानुदासराव बदली होऊन आले. ते गाड्यांचे इन्चार्ज. माणूस कामाला वाघ, वेळेला पक्का, आणि इंजिनावर पोटच्या पोरासारखी माया. एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसली होती. तरुणपणी अकोल्याच्या एका गॅरेजात असताना त्यांनी वैशाखातल्या उन्हात एक इंजिन पातळ तेलामुळे जाम झालेलं पाहिलं होतं. भर रस्त्यात, बायाबापड्यांनी भरलेली गाडी! तेव्हापासून पातळ तेलाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, "बारह महीने पचास नंबर!"

पहिल्याच थंडीत व्हायचं ते झालं. सकाळी स्टार्टर मारला तर इंजिन नुसतं कण्हलं. पन्नास नंबरचं तेल गारठून बसलेलं. भानुदासरावांना ते पटेना. सगळ्यांच्या देखत ते गुरमेलसिंगवर बरसले. "इतने साल से गाडी चलाते हो, एक बॅटरी सँभालते नहीं बनती?" गुरमेलसिंग खाली मान घालून उभा राहिला. उलट बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शिवाय, साहेब शिकलेले आहेत, तेल चांगलंच सांगत असतील, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो भल्या पहाटे यायला लागला. घरून एक जुनी शेगडी आणली, तिच्यात निखारे फुलवले आणि ती बरोबर आमच्या इंजिनाखाली, तेलाच्या टाकीच्या पोटाशी सरकवली. धुक्यात उकिडवा बसून तो हात शेकत राहायचा आणि हळूहळू तेल ऊब धरायचं. साहेब यायच्या आत शेगडी भिंतीमागे जायची, राख झाडली जायची. मग भानुदासराव फाटकातून आत यायचे, गुरमेलसिंग किल्ली फिरवायचा आणि इंजिन एका दमात सुरू व्हायचं.

"देखा?" भानुदासराव बॉनेटवर थाप मारायचे. "पचास नंबर!"

"हां जी, पक्का," गुरमेलसिंग म्हणायचा.

तीन-चार हिवाळे असेच गेले. भानुदासरावांनी आपलं पन्नास नंबर इतर गाड्यांच्या इन्चार्जांनाही छातीठोकपणे सांगितलं. पुरावा रोज सकाळी डोळ्यांसमोर होता ना! मला खरं काय ते ठाऊक होतं, पण मला खुणा आहेत, तोंड नाही. आणि खरं सांगू? मला त्यात फारसं वाईटही वाटत नव्हतं. सकाळी ऊब मिळत होती.

या सगळ्यात भानुदासरावांचा जीव मात्र नागपुरात अडकला होता. अकोल्याला त्यांचे वडील एकटे होते, डोळ्यांनी अधू. नागपूरला बदली मिळाली तर दर रविवारी वडिलांकडे जाता येईल, एवढंच त्यांचं मागणं होतं. दर वर्षी अर्ज करायचे, दर वर्षी नकार यायचा. शेवटी त्या जानेवारीत त्यांचे वरिष्ठ भल्लासाहेब म्हणाले, "गावंडे, इस बार पक्का समझो." सही तेवढी बाकी होती. घरी शालिनीबाईंनी ट्रंका उन्हात टाकल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. घाटात पाइप न्यायचे होते म्हणून भानुदासराव कधी नव्हे ते लवकर आले. फाटकातून आत पाऊल टाकतात तो आमच्या खाली जाळ! डिझेलची नळी थेंब थेंब गळत होती, तो थेंब निखाऱ्यावर पडला होता. गुरमेलसिंगनं मागचापुढचा विचार केला नाही. आत हात घालून त्यानं पेटती शेगडी उघड्या हातांनी बाहेर ओढली. चौकीदारानं वाळू टाकली. ट्रक वाचला. गुरमेलसिंगचे दोन्ही पंजे भाजले.

भानुदासराव धावत आले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? बॉनेट उघडून मला बाहेर ओढलं. तेल बघितलं! माणूस पुढ्यात कळवळतोय आणि यांचा हात माझ्याकडे. सवय, दुसरं काही नाही. मग एकदम भानावर आले, "अरे देवा!" म्हणाले आणि गुरमेलसिंगला जीपमध्ये घालून इस्पितळात घेऊन गेले. मी त्यांच्या हातातच राहिले होते. वाटेत त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात खोचलं.

त्यामुळे दुपारी भल्लासाहेबांच्या खोलीत मीही हजर होते. भल्लासाहेब संतापले होते. सरकारी गाडीखाली आग म्हणजे काय चेष्टा आहे? ड्रायव्हर घरी जाणार, त्यांनी सांगून टाकलं. मग त्यांनी भानुदासरावांना एकच विचारलं, "तुमने परमिशन दी थी?"

"नहीं, सर," भानुदासराव म्हणाले.

ते खरंच होतं. भल्लासाहेबांनी मान डोलावली आणि विषय संपला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. शेजारी खोबरेल तेलाची बाटली होती. जेवण त्यांना गेलं नाही.

"त्याची नोकरी जाईल?" शालिनीबाईंनी विचारलं.

"जाईल. पण मी खोटं कुठं बोललो? मले माहीतच नव्हतं तो शेगडी पेटवतो म्हणून."

"काहून पेटवायचा पण?"

भानुदासरावांनी ताट बाजूला सारलं.

सकाळी ते आंघोळीला निघाले आणि डोक्याला तेल लावायला म्हणून बाटली उचलली. बाटलीतलं खोबरेल पांढरं, घट्ट गोठलेलं. त्यांनी ती उलटी केली, थेंबही पडला नाही. "हे काय झालं आज?" ते वैतागून म्हणाले. "रोज तर पातळ असते!"

शालिनीबाई चहा गाळत होत्या. "रोज मी गरम पाण्यात ठेवते ना, तुमी उठायच्या आधी. आज तुमच्या काळजीत राहून गेलं."

"रोज?"

"मग! इथं आल्यापासून दर थंडीत. तुमाले काय वाटलं, आपलं तेल थिजतच नाही?"

भानुदासराव बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला उचललं आणि टोक खाली करून धरलं. कालचं पन्नास नंबर माझ्या अंगाला चिकटून बसलं होतं. त्यांनी वाट पाहिली. ते घरंगळलं नाही, टपकलंही नाही. माझ्या आयुष्यात मला इतका वेळ कोणी बघितलं नव्हतं.

"माझं तेल चांगलं म्हणून गाडी चालू होत नव्हती," ते हळूच म्हणाले. "तो पहाटे येत होता म्हणून होत होती. मी त्याले सगळ्यांसमोर बोललो होतो, शालिनी. त्याच्यापायी येत होता तो."

शालिनीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "भल्लासाहेबाले सांगसाल तर नागपूर जाईल," त्या म्हणाल्या.

"जाईल."

"मामंजींना काय सांगायचं?"

भानुदासरावांनी बाटली खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते.  शालिनीबाईंनी कोट आणून दिला. "आंघोळ राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी जाऊन या."

या खेपेला मी खिशात नव्हते, हातात होते. खिडकीतल्या गारठ्यातून निघून सायकलवरच्या वाऱ्यात तेल आणखीच थिजलं होतं. भानुदासरावांनी मला भल्लासाहेबांच्या टेबलावर उभं धरलं.

"सर, यह टपकता नहीं," ते म्हणाले. "यह तेल मैंने डलवाया है. कल आपने पूछा, परमिशन दी थी? परमिशन मैंने नहीं दी थी. वजह मैंने दी थी."

भल्लासाहेबांनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "गावंडे, इन्क्वायरी तुम पर आएगी. नागपुर का क्या होगा, मालूम है?"

"मालूम है जी."

चौकशी झाली. गुरमेलसिंगची नोकरी राहिली. नागपूरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुढे दोन वर्षांनी भानुदासरावांचे वडील वारले. हे अकोल्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, पण त्यानंतर बरेच दिवस मला बाहेर काढलं की ते नुसतेच धरून उभे राहायचे आणि तेल बघायचं विसरून जायचे.

गुरमेलसिंग मात्र आगीच्या वर्षीच, थंडी सुरू होताना कामावर परतला. त्याची बोटं पूर्वीसारखी मिटत नव्हती. चाक धरता येत होतं, पण माझ्या कडीत बोट अडकवायला गेला तर ते अडकेना. भानुदासराव पुढे झाले. त्यांनी मला ओढलं, पुसलं, पुन्हा आत घालून काढलं. इंजिनात आता तीस नंबर पडलं होतं. टोकावरून एक थेंब सुटला आणि खाली पडला.

"टपका?" भानुदासरावांनी विचारलं.

"टपका जी."

इंजिन पहिल्याच किल्लीत सुरू झालं. गुरमेलसिंग सवयीनं खाली वाकला, ट्रकखाली काहीच नव्हतं. मग त्याला हसू आलं. "साब, अब मैं सुबह क्या करूं?"

"सोया करो यार," भानुदासराव म्हणाले.

त्यानंतर आमचं इंजिन हिवाळ्यात तीस आणि उन्हाळ्यात चाळीसवर पुष्कळ वर्षं धावलं. शेवटी शेवटी एकाच डब्यावर दोन नंबर असलेलं तेल निघालं. थंडीत पातळ आणि उन्हात जाड राहणारं, असं म्हणत. परदेशात तर रसायनं जोडून कारखान्यातच तेल बनवतात, असंही कोणी सांगत होतं. ते माझ्या नशिबात आलं नाही. ऐंशी साल उलटल्यावर ट्रक लिलावात गेला. इंजिनाचे तुकडे भंगाराच्या ढिगावर पडले. मीही त्यात होते, पाऊस खात, गंजत. तिथून गुरमेलसिंगनं मला शोधून काढलं आणि अकोल्याला परत निघालेल्या भानुदासरावांच्या हातात दिलं.

आता मी अकोल्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. शेजारी खोबरेलाची बाटली आहे. तेल इथंही चार दिवस थिजतं. त्या दिवसांत भानुदासराव आधी उठतात, पाणी तापवतात, बाटली त्यात ठेवतात आणि पुन्हा जाऊन पडतात. शालिनीबाईंना हे माहीत आहे. त्या डोळे मिटून पडून राहतात.

मित्रांनो, इंजिनात तेल घालताना गाव बघा, हंगाम बघा. आपल्या गावाकडचा नंबर सगळीकडे चालत नाही. तेवढी माझी विनंती ऐका. आणि एखाद्या गारठलेल्या सकाळी तुमची गाडी एका किल्लीत सुरू झाली, तर बॉनेटवर थाप मारण्याआधी जरा खाली वाकून बघा. राख कोणीतरी झाडून टाकलेली असेल.