एका शब्दाचे चार महिने

सिस्टरने टाळी वाजवली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की समितीच्या सदस्यांनी टाळ्या वाजवायच्या नसतात. तिने हात टेबलाखाली घेतले. समोरचे लोक मात्र वाजवतच होते, कारण कारखानदार आमदारांनी भरसभेत सांगून टाकलं होतं, "मानधन वाढवणं सोडा, मी तर म्हणतो बंदच करा. सेवेचा कसला आलाय पगार? मी आजवर एक पैही घेतलेली नाही."

अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त न्यायाधीशांनी, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हलकेच हसले.

आमदारांना किती मानधन द्यावं, हे दर पाच वर्षांनी ठरवणाऱ्या या समितीत दोन जागा साध्या नागरिकांच्या असत आणि त्या चिठ्ठ्या टाकून भरत. यंदा एक चिठ्ठी निघाली बेकरीवाल्याची, दुसरी सिस्टरची. सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळांचा कक्ष तिच्या ताब्यात; बावीस वर्षं तेच काम. चिठ्ठी निघाली आणि घरात थट्टेला ऊत आला. नवरा म्हणाला, "पगार कसला देता? उलट सभागृहात बसायचं तिकीट लावा त्यांना." नणंदेने सुचवलं, "झोपेचे तास तेवढे वजा करा, वहिनी." कक्षातल्या मुलींनी तर बजावूनच पाठवलं होतं, "कापूनच या, सिस्टर."

तिचंही मन तसंच होतं. गेल्या तीन दिवसांत साक्षीला आलेल्यांनी ते आणखी घट्ट केलं होतं. एकाने पेट्रोलचं रडगाणं गायलं, दुसरा सारखा घड्याळ बघत बोलला. त्या मानाने हा कारखानदार तिला एकदम दिलदार वाटला.

चहानंतर शेवटचे साक्षीदार आले, तोवर बहुतेक खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. वार्ताहर कारखानदारांच्या मागे निघून गेले होते. आलेला माणूस पन्नाशीचा, काखेत कागदांचा गठ्ठा, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. निवडून येण्यापूर्वी ते बॉयलर दुरुस्त करत. सभागृहात त्यांना अजूनही बॉयलरवालेच म्हणत.

"मी स्वतःसाठी मागायला आलो नाही," बसता बसता ते म्हणाले. "पुढची निवडणूक मी लढवत नाही. दोन मुली शिकतायत, भागत नाही. जुन्या कारखान्यात परत घेतो म्हणालेत."

"मग आलात कशाला?" बेकरीवाल्याने विचारलं.

"पुढं जो येईल, त्याला डोकं शांत ठेवून वाचता यावं म्हणून."

सिस्टरला राहवलं नाही. "माफ करा, पण तुम्ही लोक दिवसभर करता तरी काय? खरंच विचारतेय."

मागच्या खुर्चीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. बॉयलरवाले हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी गठ्ठा सोडला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"हे एका अधिवेशनाचं. मी बोट ठेवून वाचतो, हळू वाचतो. कारखान्यातली सवय आहे. सूचना पुरती वाचल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. नाहीतर भाजतं कोण, तर शेजारचा."

सिस्टरने पानं चाळली. प्रत्येक पानाची कड काळवंडलेली. समासात पेन्सिलीच्या खुणा, कुठे एकाच ओळीपाशी तीन तीन प्रश्नचिन्हं. एक पान कोरं सापडेल म्हणून ती उलटत गेली. सापडलं नाही.

"एवढं वाचून हाती काय लागतं?" समितीतल्या प्राध्यापकांनी विचारलं.

"बहुतेकदा काही नाही." बॉयलरवाले थोडे संकोचले. "खरं सांगायचं तर पाच वर्षांत एक शब्द. 'आणि'च्या जागी 'किंवा'."

"म्हणजे?"

"तान्ह्या बाळाच्या शस्त्रक्रियेला कुणाची संमती लागते, त्याचा कायदा. नव्याने छापताना 'आई किंवा वडील' याचं 'आई आणि वडील' झालं होतं. मी नवा होतो. थंडी संपता संपता नजरेला पडलं. खात्यात गेलो, म्हणाले छपाई बरोबर आहे. पुन्हा गेलो, म्हणाले चूक आहे, पण एका शब्दासाठी दुरुस्ती कोण आणणार? मग एकेका आमदाराच्या दारात जाऊन बसलो. पावसाच्या तोंडावर मंजूर झालं. दोन मिनिटं लागली. चर्चा नाही, पेपरात ओळ नाही."

सिस्टरचा हात पानावर तसाच राहिला.

संमतीचा तो फॉर्म ती झोपेतही भरू शकली असती. दुरुस्तीपूर्वीचा तो उन्हाळाही तिला विसरता येणार नव्हता. सकाळी दहाला जन्मलेली मुलगी, आतडं पिळलेलं. आईची सही होती, बाप दूर बोटीवर. सर्जन हात धुऊन उभे, अधीक्षक फोनवर फोन लावतायत, आणि बोटीचा फोन लागत नाही. अडीच वाजता सगळं संपलं. तिने वर अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. मग एके दिवशी, बाहेर पाऊस सुरू असताना, नव्या फॉर्मचे गठ्ठे आले. वरून आले, असंच सगळे म्हणाले. पाऊस येतो तसे आले. त्यांच्यामागे कोणी माणूस असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

शिकत असताना उघड्या छातीत बोराएवढं हृदय धडधडताना तिने पहिल्यांदा पाहिलं होतं, तेव्हा ती अशीच श्वास विसरून बघत राहिली होती. आता समोर एक साधा शर्ट होता, आतल्या बाजूने दुमडून शिवलेली कॉलर होती, आणि कागदांवर ठेवून ठेवून टोक गुळगुळीत झालेलं बोट होतं. ती उभी राहिली. का, ते तिलाही कळलं नाही.

"सिस्टर?" न्यायाधीश म्हणाले. मग घड्याळाकडे बघून त्यांनी दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

बॉयलरवाले जिन्यापाशी गठ्ठा बांधत होते. सिस्टर जवळ गेली.

"तो फॉर्म माझ्याच कक्षात येतो," ती म्हणाली. "तान्ह्या बाळांच्या."

त्यांनी वर पाहिलं. दुरुस्त करून दिलेल्या यंत्राची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "नीट चालतो ना?"

"चालतो," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात एक पोरगी बाळाला घेऊन आली. सोबत कुणी नाही. एकटीची सही, आणि सतराव्या मिनिटाला बाळ आत गेलं."

"मग?"

"मग काय, शुद्धीवर आल्यापासून अख्खा कक्ष डोक्यावर घेतला त्याने. परवा घरी गेलं."

ते हळूच पायरीवर टेकले. "अशी किती असतील?"

"आठवड्याला एक तरी धरा. एका आमच्याच रुग्णालयात."

त्यांचे ओठ हलत राहिले. ते खूश होतील, निदान हसतील, असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आठवड्याला एक," ते म्हणाले. "आणि मला चार महिने लागले." त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. "त्या उन्हाळ्यात, सिस्टर... कुणी?"

आईबापांसमोर चेहरा कसा ठेवायचा, हे तिला बावीस वर्षांनी शिकवलं होतं.

"त्या उन्हाळ्यात मी रजेवर होते," ती म्हणाली.

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. मग गठ्ठा काखेत घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी उतरत गेले.

ती आत आली तेव्हा प्राध्यापकांनी फळ्यावर वाढीचे टक्के मांडले होते आणि बेकरीवाला शून्यावर अडून बसला होता.

"सिस्टर, तुमचा आकडा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आकडा सांगते," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "आधी मला एवढं कळू दे. एकट्या माणसाला चार महिने लागलेलं काम चार दिवसांत व्हायचं असेल, तर त्याच्या शेजारी वाचायला किती माणसं बसवावी लागतील?"

प्राध्यापकांनी फळ्याकडे एकदा पाहिलं आणि डस्टर उचलला.