आत्यानं केलेली तयारी

हसू नका गं, आधी ऐका तर. काल माझं डोकं इतकं फिरलं होतं ना, बसस्टँडवर मी सरजाबाई आत्याशी बोलतच नव्हते.

तुम्हाला माहीतच हाय, दिवाळीच्या आधी आत्याच्या छातीत गाठ निघाली. नांदेडला सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरनी सांगितलं, सुई घालून बारीक तुकडा काढून तपासावा लागंल. झालं! आत्या तिथूनच उठली. "सुई लागली की गाठ चवताळती, साऱ्या अंगात पसरती," म्हणली अन् सरळ गावाकडं, कंधारची बस धरली. दोन महिने फोनवर घसा कोरडा केला मी. आत्या, सुईनं पसरत न्हाई गं, तसलं काही नसतंय. ऐकतीय कुठं!

मग इथं लातूरला, मी एक्स-रेच्या कोर्सचं प्रॅक्टिकल करते ना, त्या दवाखान्यात इलास्टोग्राफीचं मशीन आलं. सुकन्या, तुला सांगितलं होतं बघ. सोनोग्राफीसारखंच वरून टेकवायचं. ते आत बारीक लाटा सोडतंय. कडक जागेतून लाट पळती, मऊ जागेतून रेंगाळती. त्या वेगावरून गाठ किती कडक ते आकड्यात कळतंय, अन् स्क्रीनवर मऊ ते निळं, कडक ते लाल.

मी तिथल्या डॉक्टर वर्षाराणी मॅडमला नांदेडचे रिपोर्ट दाखवले. त्या म्हणल्या, "गाठ अगदी काठावरची आहे, साधीही असेल, नसेलही. मऊ निघाली तर सुई टाळता येईल, सहा महिन्यांनी परत बघू. कडक निघाली तर मात्र सुई घ्यावीच लागेल."

मी नाचतच आत्याला फोन लावला. अन् तिथंच माती खाल्ली मी.

"आत्या, सुई न्हाई, काही न्हाई. फक्त गाठ मऊ निघाली पाहिजे, बस्स."

"मऊ निघाली की पास?"

"हाव, पास."

"किती दिवस हायेत?"

"पुढच्या गुरुवारी बोलावलंय. नऊ दिवस."

"लई झाले," म्हणली. मला वाटलं, रानातल्या कामाच्या हिशेबानं विचारायली!

काल आली. नवं लुगडं, डोक्याला तेल, चेहऱ्यावर असा तोरा की निकाल हातातच हाय. "धम्मे, बघ तू. पहिल्या नंबरात येतंय." आम्ही आत गेलो. मॅडमनी चोळी बाजूला केली अन् हातातलं मशीन परत ठेवलं. मी वाकून बघितलं. कातडी लालबुंद गं! दोन मोठे फोड, एक फुटलेला. अन् एरंडेल तेलाचा असा भपकारा, विचारू नका.

"मावशी, हे काय केलं?" मॅडमनी विचारलं.

"तयारी केली की," आत्या म्हणली. "आमच्या शेजारची साखराबाई चुलीत विटंचा तुकडा तापवायची, फडक्यात गुंडाळून शेकायची. वरून एरंडेल चोपडून एरंडाचं पान बांधायची. सकाळ-संध्याकाळ, नऊ दिवस. आता लोण्यावानी झाली असंल, बघा तुम्ही."



मॅडमनी बिचाऱ्यांनी तरी प्रयत्न केला. नुसतं टेकवलं की आत्या कळवळायची. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे. स्क्रीन लाल. आत्या माझ्याकडं बघून कुजबुजली, "लाल म्हणजे चांगलं का गं?"

मॅडम म्हणल्या, "सुजलेली जागासुद्धा कडक दाखवते. यात गाठीचं किती आणि भाजल्याचं किती, मला सांगता येणार नाही. पंधरा दिवसांनी या. तोवर काहीही लावू नका."

बाहेर आल्यावर मी भडकलेच. "कुणी सांगितलं होतं तुला शेकायला?"

"तूच म्हणलीस मऊ पाहिजे."

"मऊ निघाली पाहिजे म्हणले! कर म्हणले का?"

"अन् आपोआप निघती का? तुझ्या लातुरात पोरं दोन-दोन वर्षं क्लास लावून बसतेत, ते काय आपोआप पास होतेत?"



बसस्टँडवर आलो. कंधारची गाडी लागली. मी पिशवी तिच्या हातात दिली अन् म्हणले, "पंधरा दिवस तिथं हातसुद्धा लावायचा न्हाई. कळलं?"

आत्या उठलीच न्हाई. "ते न्हाई जमायचं," म्हणली.

"का न्हाई जमायचं?"

"घरी बसलं की सारखा हात तिथंच जातोय. साखराबाई गरम वीट घेऊन येईल. न्हाई आली तर मीच जाईन तिच्या दारात, मला ठाव हाय. अन् समज, मऊ निघाली. तरी मला वाटत राहील, शेकून केली म्या मऊ, आत काय हाय देव जाणे." पिशवी परत माझ्याकडं सरकवली. "त्या मॅडमला फोन लाव. सुई कधी मारतेत, विचार."

दोन महिने गं! दोन महिने मी हेच सांगून राहिले होते!  गाडी गेली निघून. मी फोन लावला. मॅडम म्हणल्या, "भाजलेली जागा सोडून बाजूनं घेता येईल. फोड जरा वाळू द्या, सोमवारी आणा."

म्हणून ती सध्या माझ्या रूमवर हाय. गावाकडं मी पाठवतच न्हाई. सकाळपासून दोनदा विचारून झालं, "धम्मे, सुईच्या आधी जरासं शेकलं तर?"

सुकन्या, तुझी ती गरम पाण्याची पिशवी हाय ना? सोमवारपर्यंत कुलपात टाक. आत्या मागायला आली तर म्हण, फुटली.