साहेबांच्या रोपट्याची निगा

साहेब तीन आठवड्यांच्या रजेवर निघाले, तेव्हा नकाशा कार्यालयाचा कारभार त्यांनी हेडक्लार्कांवर सोपवला आणि टेबलावरचे रोपटे नव्या आरेखकावर. मुठीत मावेल एवढी कुंडी, तीत गुबगुबीत पानांचे सक्युलंट. आरेखक अजून उमेदवारीवर होता. त्याला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे साहेब परतल्यावर ठरणार होते. घरी आई रोज दार उघडताच विचारी, "झालास का रे कायम?" तो नकारार्थी मान हलवी. कचेरीतही तो मानेनेच बोले, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत.

केसाएवढ्या रेषा ओढणाऱ्या त्याच्या डोळ्यांना एक गोष्ट लगेच उमगली : या रोपट्याने आपले पाणी पानांतच साठवून ठेवले होते, आणि माती पार कोरडी होईपर्यंत त्याला कुणाकडून काहीही नको होते. हे सुख त्याच्या ओळखीचे होते.

पण कचेरीला साहेबांचा उमाळा आला होता. सकाळी हेडक्लार्क आपल्या बाटलीची धार धरत. "साहेबांचं लेकरू आहे ते, मौनीबाबा! तहानलेलं ठेवाल!" दुपारी टायपिस्टबाई कप विसळून ओतीत. "कसं गं सुकलंय माझं सोनं!" शिपाई तर टेबल पुसून झाल्यावर फडकेच त्यावर पिळी.

चौथ्या दिवशी खालचे पान काचेसारखे पारदर्शक झाले आणि बोट लागताच गळले. 'पाणी घालू नका' हे आरेखकाने मनात शंभरदा घोकले. ओठांवर एकदाही आले नाही. अखेर जेवणाच्या सुट्टीत त्याने रोपटे उपसले, मुळे टीपकागदाने टिपली, कोरड्या वाळूत लावले आणि कपाटाआडच्या खिडकीत उजेडाला ठेवले. टेबलावर त्या जागी एक रिकामे भांडे मांडून सुबक अक्षरांत चिठ्ठी लावली : 'रोपट्याचे पाणी येथे ओतावे.'

सगळे भक्तिभावाने ओतू लागले. रोपटे कुठे गेले, असे कुणीही विचारले नाही.

साहेब परतायच्या आदल्या संध्याकाळी आरेखकाने भांडे हलवून रोपटे पुन्हा टेबलावर ठेवले. साहेब आले तेव्हा ते टवटवीत होते.

"वा! कुणी सांभाळलं?"

"रोज न चुकता पाणी घातलं, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "या हातांनी."

"मीसुद्धा हो!" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

आरेखकाला खोटे बोलायचे धैर्य नव्हते. "मी... मी एक थेंबही घातला नाही, साहेब."

"अहो, सोपवलं होतं तुमच्यावर!"

"असू द्या, साहेब," हेडक्लार्क उदारपणे म्हणाले, "पोरगं आहे. आम्ही होतो म्हणून निभावलं."

उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली. शिवाय हेडक्लार्कांच्या देखत रोज अर्धा पेला पाणी घालण्याचा हुकूम निघाला.

दुसऱ्या सकाळी पेला हातात आला. "घाला, घाबरता काय!" हेडक्लार्क म्हणाले. आरेखकाने त्या भरल्या पानांकडे पाहिले, दारात उभ्या आईचा चेहरा आठवला, आणि ओतले.

आठवड्याने पाने लुळी पडली. "पाणी कमी पडतंय," साहेब म्हणाले, आणि अर्ध्याचा पूर्ण पेला झाला. आरेखकाने तोही ओतला. महिनाअखेर साहेबांनी त्याच्या अहवालात लिहिले : 'कर्मचाऱ्यात समाधानकारक सुधारणा.' रोपटे तोवर शिपायाने केरात टाकले होते.