वाळकी मोळी

जळण गोळा करायला दोघं नवराबायको बरोबर जायची. तो पडलेल्या फांद्या ओढून आणायचा आणि ती एकेक गुडघ्यावर मोडून बघायची. काडकन मोडली तर तिच्या मोळीत, नुसती वाकली तर त्याच्या. ओलं लाकूड चुलीत धुमसतं, आणि धुराने आठ महिन्यांची लेक खोकून खोकून लालबुंद होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं, या छातीला धूर नको. म्हणून वाळकी मोळी आधी जाळायची, ओली तोवर उन्हात टाकायची.

पण रानाच्या फाटकावरचा रखवालदार दर खेपेला नेमकी वाळक्या मोळीवरच बोट ठेवायचा. "ही चौकीला." पडलेलं लाकूड न्यायचा परवाना खिशात असूनही नवरा म्हणायचा, "जाऊ दे." निवडून निवडून गुडघे सोलायचे हिने, आणि चूल पेटायची चौकीची.

आजही बोट आलं. "उतरवा, ताई."

तिने मोळी उतरवली आणि वर बसली.

"उठा की."

"नाही उठत."

"अगं, जाऊ दे ना," नवरा कुजबुजला.

"तुम्ही बोलूच नका. तुमच्या 'जाऊ दे'पायी घरात धूर मावेनासा झालाय."

रखवालदार हसला. "ताई आज तापल्यात. आम्ही चहा कशावर करायचा मग?"

"मागे अख्खं रान पडलंय, दादा. कमरेत वाकायला परवाना लागतो का तुम्हाला?"

पाठीवरची पोर खोकायला लागली. तिने झोळी सोडली आणि लेक सरळ त्याच्यापुढे धरली. "हीसुद्धा घ्या. मोळी तुमची तर खोकलाही तुमचा. बसा पाठ चोळत."

मागे खोळंबलेल्या बायकांतली एक म्हणाली, "घ्या साहेब, मोळीपेक्षा हलकी आहे." सगळ्या हसल्या. पोरीने त्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं. त्याने ते कसंबसं सोडवलं आणि फाटक उघडलं. "जा बाई, जा."

दहा पावलांवर नवरा वळून म्हणाला, "उपकार झाले, साहेब."

ती जागीच थांबली. आतापर्यंतचा राग काहीच नव्हता, असा राग आला.

"उपकार? आपलीच लाकडं आपण घरी नेली याचे?" डोक्यावरची मोळी उतरवून तिने त्याच्या पुढ्यात टाकली. "आजपासून वाळकी तुमच्या डोक्यावर. बघते, फाटकावर तोंडातून काय निघतं ते."