चौथा पट्टा

भुवनेश्वर गुरुजींनी तिसरा पट्टा डोक्यावरून उपसून काढला आणि ओसरीतल्या खाटेवर असा भिरकावला की खाटेखाली बसलेली कोंबडी ओरडत अंगणात पळाली.

"हा बैलाले घाला," ते म्हणाले. "तोही लाजेल."

प्रफुलने पट्टा उचलून त्याची घडी घातली. गोंदियात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिल्ह्यातल्या सारस पक्ष्यांच्या गणनेची सगळी जुळवाजुळव गेली सहा वर्षं तोच करत होता. आज दुकानाला कुलूप लावून तो चार पट्टे घेऊन आला होता. पट्टे गळ्यात अडकवायचे नव्हते, छातीवर बांधायचे होते. दोन खांद्यांवरून येऊन पाठीवर फुली मारणारे, मधे दुर्बीण आणि बाजूला थर्मल ठेवायची सोय असलेले. थर्मल म्हणजे अंगातली गरमी पाहून अंधुक उजेडातही जनावर नि पाखरू पांढरं दाखवणारी वीतभर नळी. ती गणना करणाऱ्या संस्थेने यंदा पहिल्यांदाच दिली होती. गणना उद्या पहाटे होती.

"गुरुजी, याचे रिव्ह्यू एकदम बढिया आहेत," प्रफुल म्हणाला.

"लिहिणाऱ्यानं चिखलात पाय टाकला होता का कधी?"

गुरुजींपुढे गप्प बसायची जिल्ह्यातल्या सगळ्याच पक्षीवाल्यांना सवय होती.

गुरुजी पक्षी पाहत आले ते प्राथमिक शाळेत मास्तर झाल्यापासून, आणि पक्षी पाहणाऱ्यांची कीव करत आले तेही तेव्हापासूनच. नागपूरहून गाड्या भरून येणाऱ्यांना ते खिसेवाले म्हणत. अंगावर सोळा खिसे आणि डोळा एकही नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते त्या लोकांच्या तोंडावर, चहा पाजता पाजता सांगत. बिरसीच्या विमानतळामागच्या त्यांच्या गावच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, सारसांची एक जोडी राहत होती. अठरा वर्षं त्या बोडीचा आकडा गुरुजींनी दिला होता. अठरा वर्षं तो दोन होता.

पट्ट्यांबद्दल ते जे बोलत होते तेही खोटं नव्हतं, पंचाईत होती ती तीच. पहिल्या पट्ट्याला रबर होतं. पाऊल टाकलं की दुर्बीण उडून हनुवटीला लागे. दुसऱ्याच्या झाकणाला वेल्क्रोची चिकटपट्टी होती. ती उघडताना असा चर्रर्र आवाज झाला की गुरुजींनी फक्त प्रफुलकडे पाहिलं. शांत पहाटे तो आवाज धानाच्या चार बांध्या ओलांडून गेला असता आणि सारसांनी माना वर केल्या असत्या. तिसरा चामड्याचा, कोरा, करकरणारा. प्रत्येकात खोट होती आणि प्रत्येक खोट गुरुजींनी अचूक पकडली होती. त्यामुळे खरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती.

फक्त त्यांच्या बायकोच्या, राजकुमारीबाईंच्या, आली होती. त्या ओसरीच्या कडेला सूप घेऊन बियाण्याच्या धानातले खडे वेचत होत्या आणि मान वर न करता सगळं पाहत होत्या. पट्टा कोणताही असो, छातीवर आला की गुरुजींचा उजवा अंगठा त्याच्याखाली जात होता. बरोबर मधल्या हाडावर. अंगठ्याने ते पट्टा दोन बोटं उचलून धरत आणि मग त्याला शिव्या देत.

फेब्रुवारीत नागपूरला त्यांची छाती उघडून पुन्हा शिवली होती. डॉक्टरांनी मानेला ओझं नको म्हणून सांगितलं. मग छातीवर बांधायचा पट्टा मिळतो, हे प्रफुलनेच शोधून काढलं. छातीला काय चालेल ते डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनी विचारू दिलं नव्हतं.

"गुरुजी," प्रफुल जरा चाचरत म्हणाला, "आज शामपर्यंत मले नावं द्यायची आहेत. कोणत्या बोडीवर कोण. तुमची तबियत नसेल तर यंदा भैय्यालाल करून देते म्हणते. फक्त एक साल."

"कोण? तो फोटोवाला?"

"हो."

"गोटे मारून पाखरं उडवते तो. पंख पसरलेला फोटो पाहिजे म्हणून. त्याले देतो माही बोडी?" गुरुजींचा आवाज चढला आणि मधेच दम लागून तुटला. त्यांनी तो खोकल्यात लपवला. "काढ तो चौथा."

चौथा साध्या मातकट कापडाचा होता. झाकणाला लोहचुंबक, बोटाने उचलावं तर आवाज नाही, सोडावं तर आपोआप बंद. बाजूच्या कप्प्यात थर्मल आधीच ठेवलेलं होतं आणि त्याची वीतभर दोरी प्रफुलने पट्ट्याच्या कडीला मासेमारीच्या तारेने पक्की बांधून टाकली होती. कुणाच्या हातून पाण्यात पडायला नको, म्हणून. ती गाठ आता कापल्याशिवाय सुटणार नव्हती.

गुरुजींनी पट्टा चढवला, दुर्बीण आत ठेवली. उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. अंगणात एक फेरी मारली, वळले, दुसरी मारली. प्रफुल त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. खोट सापडत नव्हती. अंगठा मात्र पट्ट्याखाली जाऊन बसला होता आणि कपाळावर घाम आला होता.

राजकुमारीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"बोडीवर नेऊन पाहू," गुरुजी शेवटी म्हणाले. "अंगणात तर सगळेच वाघ असतात." त्यांनी पट्टा उतरवून बाईंच्या हातात दिला. "हे धर. घामानं खराब होऊन राहिलं."

हातात आडवातिडवा धरला की थर्मल कप्प्यातून निसटून दोरीला लोंबत होतं, पायाला लागत होतं. बाईंनी विळा कमरेला खोचला, परतताना बोडीच्या काठचं हिरवं कापून आणायचं होतं, आणि पट्टा सरळ पदरावरून अंगात घातला. तो त्यांना ढगळ होत होता. गुरुजींनी एकदा पाहिलं.

"आता तूही खिसेवाली," ते म्हणाले.

बोडी घरापासून अर्धा कोस. बांध्यांमधल्या धुऱ्यावरून एकामागे एक चालावं लागत होतं. गुरुजी पुढे होते. थोड्या अंतरावर ते थांबले आणि आभाळाकडे पाहू लागले. वैमानिक शाळेचं छोटं विमान घरघरत तिसऱ्यांदा तीच फेरी मारत होतं.

"लाखानं फी भरून गोल गोल फिरून राहिले," ते म्हणाले. "आमच्या घारी फुकटात फिरतात."

विमान गेल्यावरही ते जरा वेळ आभाळाकडेच पाहत राहिले. मग चालू लागले. पुढे दुधरामच्या बांधीपाशी थांबले. धुरा नीट घातला नाही, पाणी आलं की फुटेल, असल्या माणसाने शेती कशाला करावी, असं बरंच बोलून झालं. धुरा चांगला भक्कम होता. प्रफुलला तो दिसत होता, पण तो हो हो म्हणाला. तिसऱ्यांदा ते कशासाठी थांबले ते त्यांना लवकर सुचलं नाही. मग चपलेला नावं ठेवली.

बोडीत जूनमुळे पाणी मधोमध तेवढं उरलं होतं. पलीकडच्या काठाला बेशरमाची दाट झुडपं होती. काठच्या पाळीवर पोचल्यावर गुरुजी खाली बसले नाहीत, एका झाडाला हात टेकून उभे राहिले.

"वाक," ते बायकोला म्हणाले. "रोवण्याले वाकते तशी वाक. शहरातले लोक उभ्यानं पट्टा पाहतात. आपल्याले वाकून राहावं लागते. पडते का पाहू."

राजकुमारीबाई वाकल्या. चाळीस वर्षं बांधीत वाकलेली पाठ होती ती. कमरेतून अर्धी घडी झाली आणि दोन्ही हात जमिनीला टेकले. तशाच चार पावलं मागे सरकल्या. झाकण उघडलं नाही. काही पडलं नाही. फक्त ढिला पट्टा खांद्यावरून घसरत होता.

"बढिया!" प्रफुल म्हणाला. "हाच फायनल, गुरुजी!"

"तुले कोणी विचारलं?"

सूर्य गेला. पश्चिमेकडून लांबलचक माना पुढे ताणत जोडी आली, एकदा ओरडली आणि पाण्यात उतरली. गुरुजींनी बायकोच्या छातीवरचं झाकण उचलून दुर्बीण काढली आणि डोळ्यांना लावली. दिवाळीपासून धाप लागत होती, तेव्हापासून ते इकडे आलेच नव्हते.

"दोन," ते म्हणाले. "आहेत बापा दोन्ही."

बाईंनी थर्मल उचललं. प्रफुलने वाटेत दाखवलं होतं तसं बटण दाबलं आणि काठावरून सावकाश फिरवलं.

"तीन आहेत," त्या म्हणाल्या.

"बगळा असेल."

"बगळा एवढा मोठा नसते."

"अवो, मी पाहून राहिलो ना. दोन आहेत. अठरा साल झाले, दोनच आहेत."

"तुमच्या दुर्बिणीत दोनच दिसतीन," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पिलू बेशरमाच्या मागं उभं राहते. म्या तुम्हाले धानकटाईच्या वक्ताले सांगतलं होतं."

सांगितलं होतं. गुरुजींना ते चांगलं आठवत होतं. कापणीहून येऊन, हातपाय न धुता, तिने दारातच सांगितलं होतं की जोडीजवळ पिल्लू आहे, डोकं तांबूस आहे. गुरुजी खुर्चीत होते. इथं पिल्लू जगत नाही, कुत्री ठेवत नाहीत, तुला सारस आणि करकोचा यातला फरक तरी कळतो का, असं त्यांनी विचारलं होतं. तेवढ्यावर तो विषय संपला होता. तिने नंतर काढला नव्हता आणि त्यांनी आठ महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

"आण ते इकडं," ते म्हणाले.

थर्मलची दोरी वीतभर होती. ती बाईंच्या छातीवरच्या कडीला बांधलेली होती. गुरुजींनी ओढून पाहिली. गाठ हलली नाही.

"प्रफुल, हे कोणत्या गाढवानं बांधलं?"

"मीच, गुरुजी."

आता पट्टा काढून स्वतः घालावा, नाहीतर वाकावं. गुरुजींचा हात शर्टावर गेला, मधल्या हाडापाशी थोडा वेळ थांबला आणि खाली आला. मग ते वाकले. भर पाळीवर, परक्या माणसासमोर, बायकोच्या छातीशी डोकं नेऊन त्यांनी डोळा त्या नळीला लावला. बाई लाजल्या नाहीत. त्यांनी नळी स्थिर धरली आणि गुरुजींचं डोकं दुसऱ्या हाताने जरासं डावीकडे वळवलं.

काळं पाणी. दोन पांढरे उंच आकार. आणि पलीकडे, झुडपांच्या फटींतून, तिसरा. थोडा बुटका. त्याने मान खाली घातली, वर काढली, दोघांच्या दिशेने एक पाऊल टाकलं आणि पुन्हा झुडपांमागे गेला.

गुरुजी बराच वेळ तसेच वाकून राहिले. प्रफुलला वाटलं, त्यांना उठता येत नाही. तो पुढे झाला तसा गुरुजींनी न पाहताच हात करून त्याला थांबवलं.

ते उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"कल तीन लिखेंगे ना, गुरुजी?" प्रफुलने हळूच विचारलं.

गुरुजी बायकोसमोर उभे राहिले आणि पट्टा आवळू लागले. आधी डावा खांदा. मग उजवा. मग कमरेचे दोन्ही. शाळेतल्या मुलीच्या दप्तराचा बंद बसवावा तसं, ओठ दाबून, एकेक बकल ओढून त्यांनी तो तिच्या मापाला आणला.

"श्वास घे," ते म्हणाले. "लागते कुठं?"

"नाही."

"वाक."

त्या वाकल्या. पट्टा जागचा हलला नाही. आवळून उरलेली टोकं मात्र हातहातभर लोंबत होती. गुरुजींनी बाईंच्या कमरेचा विळा काढला आणि पहिलं टोक बकलापासून चार बोटांवर कापलं.

"अरे, अरे, गुरुजी!" प्रफुल धावला. "नापसंत झाला तर वापस जाते तो! आता दुसऱ्या कोणाच्याच अंगात नाही येणार!"

"परत कायले पाठवतो?" दुसरं टोक पडलं. मग तिसरं, चौथं. "घरी गेल्यावर टोकं माचिसनं जाळून घे, नाहीतर उसवतात," ते बायकोला म्हणाले. मग प्रफुलकडे वळले. "काढ कागद. लिही, राजकुमारी भुवनेश्वर बिसेन. आणि त्या फोटोवाल्याले सांग, या बोडीवर दिसला तर याच विळ्यानं त्याचाही पट्टा कापतो."

प्रफुलने मोबाइलच्या उजेडात नाव लिहिलं.

"अजी, आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी वही धरतो. तुहं अक्षर कोणाले वाचता येते?"

परतताना धुऱ्यावर राजकुमारीबाई पुढे होत्या, डोक्यावर हिरव्याचा भारा आणि छातीवर पट्टा. गुरुजी मागे होते. घर येईपर्यंत ते चारदा थांबले. चारही वेळा त्यांनी कशालाच नावं ठेवली नाहीत.